मान ताठ कशाने राहते?

‘नीट बस, पोक काढू नकोस,’ हे वाक्य लहानपणी ऐकले नाही असा माणूस मराठी घरात सापडणे कठीण. आजी सांगायची, शाळेत मास्तर छडी दाखवून सांगायचे. मान दुखते म्हणून आज दवाखान्यात गेले तरी बहुधा हेच ऐकू येते. फक्त आता त्याला ‘पोश्चर’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. मानेचे दुखणे म्हणजे वाकडे बसण्याची शिक्षा, असा एक समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. ज्याची मान दुखते त्याचेच काहीतरी चुकत असणार, हा त्यातला न बोललेला भाग. हा समज फार तर अर्धा खरा आहे. आणि उरलेला अर्धा ज्यांच्या माथी मारला जातो, ती माणसे पुष्कळदा खुर्चीवर बसणारी नसतातच.

पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर उरुळी, यवत करीत खुटबावच्या लहानशा स्टेशनात थांबते. त्यापुढचे स्टेशन केडगाव. या गाडीने रोज पुण्याला नोकरीला, कॉलेजला जाऊन येणारी मंडळी आसपासच्या सगळ्याच गावांत आहेत. डब्यात पाहावे तर बसलेल्यांच्या आणि उभ्या असलेल्यांच्याही माना मोबाइलवर झुकलेल्या. पूर्वी याच डब्यात पत्त्यांचे डाव रंगत आणि भजने होत. तेव्हाही माना झुकत, पण मध्येच कोणीतरी टाळी मागायचे, नाहीतर उतारी करायला हात उचलावा लागायचा. आता मुक्काम येईपर्यंत कोणी हलत नाही. यातला एखादा तिशीतला तरुण मान दुखते म्हणतो तेव्हा घरचे मोबाइलकडे बोट दाखवतात आणि विषय संपतो.

पण स्टेशन मागे टाकून शिवारात शिरले की वेगळ्याच माना दिसू लागतात. खडकवासल्याचे पाणी मुठा उजव्या कालव्याने दौंड तालुक्यात आले आणि या पट्ट्यात ऊस फोफावला. ऊस आला, त्याबरोबर गुऱ्हाळे आली, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर चालवणारा माणूस पुढे जितका पाहतो त्याहून जास्त मागे पाहतो. नांगर किती खोल चालला आहे, रोटाव्हेटर सरीत नीट बसला आहे का, हे एका खांद्यावरून मान वळवून तो तासन्‌तास बघत असतो, आणि त्यात यंत्राचे हादरे. खुरपणीला बसलेल्या बाईची मान सकाळपासून खाली. संध्याकाळी तीच बाई डोक्यावर चुंबळ ठेवून चाऱ्याचा भारा घरी आणते. घरी आल्यावर धारा, मग भाकऱ्या. हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या जोड्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि फळीवरून तोल सांभाळीत गाडीत चढवायच्या. या सगळ्यांना ‘नीट बस’ म्हणून सांगायचे म्हणजे काय सांगायचे?

आधी बसणाऱ्यांचेच पाहू, कारण अभ्यास झाले आहेत ते मुख्यतः त्यांचे. आपल्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. ते सात मणक्यांच्या दांडीवर तोललेले असते आणि मागून-पुढून स्नायूंनी धरलेले असते. २०१४ साली अमेरिकेतील एका शल्यचिकित्सकाने संगणकावर गणित मांडले, की मान ६० अंशांनी पुढे झुकवली तर मणक्यांवर येणारा भार सुमारे २७ किलोइतका होतो. हा आकडा जगभर फिरला. मोबाइलमध्ये मान घातलेल्या मुलाच्या डोक्यावर सिमेंटची अर्धी गोणी ठेवलेली चित्रे निघाली. गणित म्हणून ते ठीक असेल. पण त्यात एकाही दुखऱ्या मानेची तपासणी नव्हती. भार वाढतो एवढेच त्यातून कळते. भार वाढला म्हणजे इजा झाली असे नव्हे. दंड काढताना खांद्यांवर येणारा भारही काही कमी नसतो, पण त्याला आपण व्यायाम म्हणतो.

ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या अकराशेहून अधिक मुलामुलींची बसण्याची ढब मोजून, त्यांच्यात मान दुखण्याचे प्रमाण किती आहे हे तपासले गेले. २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोक काढून बसणाऱ्यांची मान जास्त दुखते असे काही त्यात आढळले नाही. आजीला हे सांगायची माझी तरी हिंमत नाही. पण याचा अर्थ कसेही बसावे असाही नव्हे. मान आधीच दुखत असेल तर तिला टेकू मिळेल, ती फार वाकणार नाही अशा तऱ्हेने बसल्यावर आराम पडतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. मुद्दा एवढाच की ताठ बसणाराही तीन तास दगडासारखा बसला तर त्याची मान आखडणारच. वाकडे बसण्यापेक्षा न हलता बसणे जास्त नडते. शाळेत हाताची घडी घालून ताठ बसायला लावीत, त्याने वर्गात शांतता नांदत असेल, मानेचे त्यात काही भले होत नव्हते.

दुसरी भीती फोटोची. मान दुखली की क्ष-किरण, आणि त्यावर ‘स्पाँडिलायटिस’ हा शब्द. एकदा तो शब्द कानी पडला की माणूस मानेला काचेच्या बरणीसारखी जपू लागतो. वळताना सगळे अंग वळवतो, गळ्याला पट्टा लावतो. पट्टा महिनोन्‌महिने राहिला की स्नायू आणखी दुबळे होतात, मग पट्टा काढवत नाही. जपानमध्ये मानेचे काहीही दुखणे नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढण्यात आले होते. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधली गादी थोडीफार फुगलेली निघाली. म्हणजे मणक्याची झीज ही बऱ्याच अंशी पिकलेल्या केसांसारखी वयाची खूण आहे. फोटोत ती दिसली म्हणून दुखण्याचे कारण सापडलेच असे समजायला नको.

काही खुणा मात्र खरोखर धोक्याच्या असतात. हाताची पकड सैल होणे, बटण लावता न येणे, हातापायांत बधिरपणा, चालताना तोल जाणे. मानदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना (आपल्या देशात मणक्याचा क्षय विसरून चालत नाही). पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेले दुखणे. छातीत दाटून मान, जबडा, डाव्या हातात येणारी कळ. यांतले काहीही असले तर व्यायामाच्या नादी न लागता सरळ मोठ्या दवाखान्यात जावे. आणि केस कापून झाल्यावर कटकन मान मोडून घ्यायची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिला हात जोडून नाही म्हणावे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात, आणि अशा झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

आता बळाकडे येऊ. इथे पुरावा अधिक भक्कम आहे. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, कचेरीत काम करणाऱ्या १८० स्त्रियांचे तीन गट केले गेले. एका गटाने डोक्याला रबरी पट्टा अडकवून, तो पुढे, मागे, बाजूंना ओढत मानेचे जोर वाढवणारे व्यायाम केले. दुसऱ्याने हलक्या व्यायामांच्या अनेक आवर्तनांनी मानेचा दम वाढवला. तिसऱ्याला ताण देण्याचे आणि सर्वसाधारण तब्येतीचे व्यायाम सांगितले. वर्षभराने पहिल्या गटातल्या ७३ टक्के, दुसऱ्यातल्या ५९ टक्के आणि तिसऱ्यातल्या २१ टक्के स्त्रियांना पूर्ण किंवा बराच आराम पडला होता. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. नुसते अंग ताणून फारसे भागत नाही, हे तिसऱ्या गटावरून दिसते. डेन्मार्कमध्ये २०११ साली याहून सोपा प्रयोग झाला. रबरी दोरी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे, बस्स. एका गटाने रोज दोन मिनिटे, दुसऱ्याने बारा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांत दोन्ही गटांच्या वेदना कमी झाल्या, आणि दोन मिनिटवाले बारा मिनिटवाल्यांच्या फारसे मागे नव्हते.

कारण समजायला अवघड नाही. मानेचे आणि खांद्याच्या पात्याचे स्नायू जेमतेम डोके पेलण्याइतकेच बळकट असतील, तर दिवसभर ते आपल्या ताकदीच्या काठावर काम करीत राहतात आणि संध्याकाळी कुरकुरतात. ताकद वाढली की तेच डोके, तेच काम त्यांना हलके पडते.

रबरी दोरी नसली तरी अडत नाही. तळहात कपाळाला लावून डोके पुढे रेटायचे आणि हाताने ते हलू द्यायचे नाही, असे सात-आठ आकडे मोजेपर्यंत. मग डोक्यामागे हात गुंफून तसेच मागे, मग दोन्ही बाजूंना. भिंतीला पाठ लावून हनुवटी किंचित आत ओढायची, दुहेरी हनुवटी दिसेल इतकी, आणि सोडायची. दोन हातांत पाण्याच्या भरलेल्या एकेक लिटरच्या बाटल्या घेऊन हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे. श्वास कोंडायचा नाही. दुसऱ्या दिवशी थोडे अंग दुखले तर बिघडत नाही; हातात कळ उतरू लागली तर थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. आठ-दहा आठवड्यांच्या आत निकाल लावू नये. आपल्याकडे गोष्ट अडते ती इथेच. इंजेक्शनाने दुपारपर्यंत गुण येतो, तेल चोळल्याने लगेच बरे वाटते. अडीच महिने रोज दोन मिनिटे कोण थांबणार?

हे सगळे वाचून तालमीतला एखादा वस्ताद हसेल. पैलवानाची मान ही त्याची पहिली ओळख; डोके आणि पाय जमिनीला टेकवून अंगाची कमान करायची आणि मानेवर भार घ्यायचा, हे तो मिसरूड फुटण्याआधी शिकतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांपर्यंत नेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले ते आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी तपासण्यासाठी. आणि पुण्यातच बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, खुर्च्या, लोड यांच्या आधाराने आजारी माणसालाही आसने करता येतील अशी पद्धत बसवली. १९७५ पासून त्यांची संस्था मॉडेल कॉलनीच्या भागात उभी आहे. त्यांच्या पद्धतीचे नऊ आठवड्यांचे वर्ग जुनाट मानदुखीच्या रुग्णांसाठी घेऊन पाहिले ते मात्र जर्मनीत, २०१२ आणि २०१३ साली छापून आलेल्या दोन चाचण्यांत. घरी आपापले व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वर्गाला येणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या. अय्यंगार गुरुजींच्या वर्गात उभे राहण्याच्या साध्या आसनावर किती वेळ जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ढब आणि बळ ही दोन वेगळी खाती नाहीत हे वेगळे सांगायला नको. तिथे ताठ उभे राहणे हाच व्यायाम असतो, शिक्षा नसते. फक्त टीव्हीवर पाहून दुखऱ्या मानेने शीर्षासन करायला कोणी जाऊ नये.

तेव्हा पुण्याला ये-जा करणाऱ्या त्या तरुणाला, शिवणयंत्रावर वाकलेल्या त्याच्या बहिणीला, बँकेतल्या कारकुनाला माझे उत्तर सरळ आहे. होय, मानेचे बळ वाढवा, दर अर्ध्या तासाने हला. आराम पडण्याची शक्यता चांगली आहे. ट्रॅक्टरवाल्याने दर तासाला खाली उतरून दहा पावले चालावे, आणि मान एकटीच न वळवता बैठकीवर थोडे तिरके बसून कमरेतून वळावे.

पण भारा आणि मोळी वाहणारीला काय सांगायचे? फिनलंड आणि डेन्मार्कच्या प्रयोगांतली माणसे कचेरीतली होती. त्यांच्या मानांना काम कमी होते, म्हणून काम देऊन गुण आला. ऊसतोड बाईच्या मानेला कामाची उणीव नाही. पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणारीइतकी ताठ मान पुण्याच्या कुठल्याही जिममध्ये दिसायची नाही. ढब म्हणाल तर तिची आदर्श आहे. डोके, मान, कंबर एका ओळीत नसली तर मोळी खाली येईल. बळही आहे. तरीही मान दुखते. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांची तपासणी झाली होती, १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा खूपच जास्त आढळली. झीज म्हणजे दुखणे नव्हे हे वर म्हटलेच आहे, पण तरुण वयात इतकी झीज ही पिकलेल्या केसांची गोष्ट उरत नाही.

व्यायामाने बळ वाढते ते व्यायामात नव्हे, त्यानंतरच्या विश्रांतीत, हे वस्तादही सांगतो आणि शरीरशास्त्रही. पैलवानाला मेहनतीनंतर खुराक मिळतो आणि झोप मिळते. कोयत्यावरच्या बाईला उचल फेडायची असते, खाडा पडला तर पैसे कापले जातात, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. तिला मानेच्या व्यायामाचा कागद देणे ही थट्टा आहे. तिला हवी आहे ती हलकी मोळी आणि दोन खेपांमधली उसंत.

हे अशक्य म्हणून सोडून द्यायचे कारण नाही, कारण याच पुणे जिल्ह्यात हमालांच्या बाबतीत ते घडलेले आहे. ‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. एके काळी बाजारात शंभर किलोचे पोते सर्रास पाठीवर दिले जाई. हमालांनी पाठ कशी ठेवावी यावर कोणी भाषणे दिली म्हणून ते बदलले नाही. डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत आणि राज्यभरच्या माथाडी संघटना लढल्या, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पोते पन्नास किलोचे असावे ही मागणी लावून धरली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती आणि बायकांसाठी ती बरीच कमी असावी असे म्हटले होते. पाठ वाचली ती पोते कमी झाल्याने.

घरातल्या बाईचेही तेच. नळ दारात आला आणि डोक्यावरचा हंडा उतरला, त्याने बायकांच्या मानांचे जेवढे भले झाले तेवढे कुठल्याही मलमाने झाले नसेल, असे मला वाटते. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा त्याच्या फायद्यांच्या यादीत मानदुखी कोणी लिहिली नव्हती. लिहायला हरकत नव्हती. हंडा उतरला, भारा मात्र अजून आहे. ज्या घरात दोन मोटारसायकली आहेत तिथेही गवताचा भारा सुनेच्याच डोक्यावर येतो, हे काही गरिबीमुळे होत नाही. एक चाकाची ढकलगाडी फार महाग नसते. बांधावरून ती चालत नाही असे म्हणणाऱ्यांनी बांधावरून मोटारसायकल कशी जाते तेही सांगावे. आणि सुनेला रोज दोन मिनिटांचा व्यायाम सांगायचाच असेल, तर खुरपणी आणि धारा यांच्या मध्ये तिला आधी पंधरा मिनिटे आडवे पडू द्यावे लागेल. त्या वेळात चूल कोण बघणार, हे घरातल्यांनी ठरवायचे आहे; ते डॉक्टरच्या चिठ्ठीत येत नाही.

तोडणीचे दर ठरवण्यासाठी साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात काही वर्षांनी करार होतात. वाटाघाटी टनाच्या भावावर आणि मुकादमाच्या कमिशनवर रंगतात. मोळीचे वजन किती असावे, बाईने डोक्यावर किती घ्यावे, गाडी भरताना फळीऐवजी दुसरी काही सोय करता येते का, हे प्रश्न त्याच टेबलावर ठेवता येतील. पुढच्या कराराच्या वेळी कोणीतरी एक ताणकाटा घेऊन फडात जावे आणि भरल्या मोळीचे वजन करून तो आकडा सोबत न्यावा.